राग माझा, पासपोर्ट तुझा

रोल्ला, शारजा
शुक्रवार, २० नोव्हेंबर २००९

चि. अंकुर,

आशीर्वाद वगैरे जागच्या जागी आहेत असं समज. परवा फोनवर तू म्हणालास, "दादा, यापुढे काय असेल ते लिहून पाठव. लिहिलेलं पाठवण्याआधी फाडता तरी येतं." वाक्य चांगलं आहे, म्हणजे तुझं नाही. स्वप्नालीने पुण्याहून शिकवलं असणार. तरी लिहितो. तुझ्या कंपनीच्या पोस्ट बॉक्समधून हे रुवैसला तुझ्या हातात कधी पडेल, ते तुझी कंपनी जाणे.

कोर्टाने सांगितलेल्या दहा सेशन्सपैकी पहिलं मंगळवारी झालं. तिसरा मजला. लिफ्टसमोरची ग्रॅनाइटची पट्टी डावीकडे चार मिलिमीटर उतरलेली. आत खोलीत एसीचा डिफ्यूझर तिरका, छताच्या चौकटीशी त्याचा काही संबंध नाही. ज्यांना स्वतःच्या डोक्यावरची जाळी सरळ बसवून घेता येत नाही, ते आमची डोकी सरळ करणार. शिकवणाऱ्या बाई डॉक्टर जैनब, हैदराबादच्या, वय पस्तिशीच्या आत. मला विचारतात, "धनंजय साहब, गुस्सा आता है तो बदन में कहाँ महसूस होता है?" मी म्हटलं, "सामनेवाले के." बाकीचे हसले. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

बाकीचे म्हणजे तिघं. एक सुदानी टॅक्सीवाला, तो झोपतो. एक इंग्लिश सेल्स मॅनेजर, टॉवर विकला जाईना म्हणून त्याने रिसेप्शनिस्टला स्टेपलर फेकून मारला. तिसरा मल्याळी कॅशियर, तो प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. त्याला राग येतो हे कोर्टाला कसं कळलं कोण जाणे. याला म्हणतात अँगर मॅनेजमेंट. अर्धे मॅनेजर बाहेर बेकार फिरतायत आणि मॅनेजमेंट इथे शिकवतात.

सेशनचे तीनशे दिरहॅम, म्हणजे आपले अडतीसशे रुपये. त्यात शेवटी प्रत्येकाच्या हातात बर्फाचा एक खडा दिला. राग चढायला लागला की बर्फ मुठीत घट्ट धरायचा, म्हणजे म्हणे मन त्या गारव्यापाशी थांबतं आणि तोंड बंद राहतं. अडतीसशे रुपयांत बर्फ. मी माझा खडा कुंडीत टाकला. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं निघालं.

धंद्याचं विचारशील तर जोरात आहे. गेल्या वर्षापर्यंत लोकांना फ्लॅट हवे होते आणि दोष काढणारा नको होता. आता भाव कोसळल्यावर फ्लॅट नको आहेत, दोष हवे आहेत, म्हणजे ताबा घेणं लांबवता येतं. मी जातो, लाकडी दांडीने टाइल न् टाइल ठोकून ऐकतो, जिथे खराब तिथे निळी टेप चिकटवतो. सगळ्या दुबईत क्रेन उभ्या आहेत, फक्त माझी टेप चालू आहे.

आता मुद्द्याचं. माझ्या जामिनापोटी तुझा पासपोर्ट कोर्टात आहे. दुसऱ्या कोणाचा ठेवता आला असता तर ठेवला असता. माझ्या खोलीतल्या गणूचा त्याची कंपनी देत नाही, आणि बाकीचे माझ्या ओळखीचे लोक त्या दिवसापासून मला ओळखत नाहीत. जानेवारीअखेर तुझं रुवैसचं काम संपतं, फेब्रुवारीत पुण्याची नोकरी, फेब्रुवारीतच स्वप्नालीच्या बाळंतपणाची तारीख. हे सगळं मला तुझ्याहून पाठ आहे. माझी दहा सेशन्स जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात खलास. कोर्टात कागद दाखवायचा, तुझा पासपोर्ट मोकळा, तू मोकळा.

खान मिस्त्रीचं मनगट जुळतंय म्हणतात. कारण मी तुला सांगितलेलंच आहे. टाइल पोकळ होती, बाविसाव्या मजल्यावर, बेडरूमच्या दारापाशी. मी ठोकली, बद्द वाजली, मी टेप लावली. त्याने ती उपटून काढली आणि वर तोंड करून बोलला. माझ्या हातात अॅल्युमिनियमची पट्टी होती. पंधरा वर्षं मी या देशात दोष काढतोय, कॉलेजचं तोंड न बघता, आणि एकही खोटी टेप लावलेली नाही. जजसाहेबांनाही हेच सांगितलं. त्यांचा चेहरा बघता भाषांतर करणाऱ्याने त्याचं काहीतरी भलतंच केलं असावं.

तुझा दादा


रोल्ला
शुक्रवार, १८ डिसेंबर २००९

चि. अंकुर,

उत्तर नाही. ठीक आहे. कामात असशील.

एक गोष्ट कबूल करायला हवी. डॉक्टर जैनब ही या देशात मला भेटलेली पहिली अक्कल असलेली व्यक्ती आहे. मी डिफ्यूझरबद्दल बोललो तर बाईंनी खुर्चीवर चढून स्वतः बघितलं आणि म्हणाल्या, "हौ, टेढाच है जी. दो साल से बैठ री मैं इसके नीचे, दिखाच नहीं." असं कोण कबूल करतं? तुझे इंजिनिअर करतात? आता मी त्यांना सेशन संपल्यावर अर्धा तास जास्त बसून केंद्रातले सगळे दोष काढून देतोय, फुकट. त्यांच्यासारखं ऐकून घेणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही.

त्यांनी मला वेगळं बसवून एक नाव सांगितलं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. घाबरू नकोस, नुसतं नाव आहे. मी रोल्लाच्या सायबर कॅफेत बसून त्यावर मिळेल ते सगळं वाचलं. त्याच्या नऊ खुणा आहेत, पाच जुळल्या की शिक्का. बाईंनी माझ्यात सात काढल्या. मी स्वतः तपासल्या, सहा निघाल्या. सातवीवर आमचा वाद आहे.

खुणा वाचताना मला हसू आलं. माणूस एकतर देव वाटतो नाहीतर कचरा, मधलं काही नाही. मी म्हटलं, मधले लोक दाखवा, मी मानतो. मग, राग अनावर होतो. तो जगजाहीर आहे. मग, आत सतत पोकळ वाटतं का? मी म्हटलं, मॅडम, पोकळ टाइलबद्दल लोकांचा फार गैरसमज असतो. पोकळ म्हणून ती पडत नाही, वर्षानुवर्षं जागेवर राहते, दिसतेही चांगली. फक्त तिच्यावर एकाच जागी जड काही ठेवू नये. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना मुद्दा पटला असावा.

सातवी खूण अशी, की कोणी सोडून जाईल या भीतीने माणूस वाटेल ते करतो. हे माझ्यात नाही. बाईंनी मंजुषाचं काढलं. "भाभी गए की आप निकाले?" मी म्हटलं, मी सूटकेस जिन्यावरून खाली फेकली हे खरं, पण ती भरून तयार होती. भरलेली सूटकेस दिसल्यावर ती कोणी फेकली याला अर्थ नाही. बाई म्हणाल्या, "आप क्या करते, मालूम? लोगाँ जाने से पहले आप उनको निकाल देते." हे सांगायला पदवी लागते? पण बोलल्या चांगल्या पद्धतीने, म्हणून ऐकून घेतलं.

गणू नेहमीसारखाच मूर्ख. मंगळवारी परत आलो की कॉटवर पडूनच विचारतो, "काय दादा, आज डाक्टरणीनं काय शिकवलान? श्वास घ्यायला?" मी म्हटलं, हो. तर म्हणतो, "माझी आई फुकट शिकवायची. पाठीत धपाटा घालायची, आपोआप घेतला जायचा." गुहागरचा प्लंबर. खोलीभाडं अर्धं भरतो म्हणून सहन करतो.

एक सेशन जॅममुळे हुकलं. दोन हुकली तर पहिल्यापासून सुरुवात, असा तिथला नियम आहे. एकच हुकलं आहे. उगाच स्वप्नालीला कळवून गोंधळ घालू नकोस.

तुझा दादा


रोल्ला
शनिवार, २ जानेवारी २०१०

चि. अंकुर,

नवं वर्ष वगैरे.

डॉक्टर जैनबबद्दल मी जे लिहिलं होतं ते खोडून टाक. बाई सामान्य आहे. सामान्य म्हणणंही जास्त होतंय. भर सेशनमध्ये, सगळ्यांसमोर, जणू एसीचं तापमान सांगावं तसं म्हणते, "मैं दो हफ्ते छुट्टी पे हूँ, हैदराबाद जा री, बहन की शादी है. साजिदा मैडम लेंगे." आधी कल्पना नाही, काही नाही. ज्या बाईला मी तिच्या केंद्रातले सत्तेचाळीस दोष काढून दिले, ती. मी तिथेच सांगितलं की ज्याला काम अर्ध्यावर टाकून लग्नं खायची आहेत त्याने दुसऱ्याची डोकी उघडू नयेत. मग दारातून बाहेर पडलो. दार आपटलं नाही. त्याचा क्लोजर खराब आहे, ते आपटतंच.

ते सेशन त्यांनी गैरहजर धरलं. म्हणजे दुसरं. म्हणजे नियमाप्रमाणे पुन्हा एकपासून. मी नियम केलेले नाहीत.

आता हिशेब असा, की नवी दहा सेशन्स मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपतात. पुण्याच्या लोकांना कळव की जामीन आहे, अडचण आहे, समजूतदार असतील तर थांबतील. नसतील तर अशा लोकांकडे नोकरी करू नये. बाळंतपणाला तू तिथे असून काय करणार आहेस? बायका असतात. मी इथे होतो आणि तू पुण्यात हॉस्टेलवर होतास तेव्हा आई गेली, आपण दोघंही नव्हतो, गेलीच.

रुवैसचं काम संपलं की तू रोल्लाला ये. मी माप घेतलं आहे. गणूची कॉट खिडकीकडे सरकवली की तुझी कॉट बरोबर बसते, मध्ये कपाट उघडण्यापुरती जागा राहते. संध्याकाळी आपण पूर्वीसारखं पार्कात जाऊ. तुला ज्याची बटाट्याची भजी आवडायची तो माणूस अजून आहे. सगळे गेले, तो आहे. गणू म्हणतो, "अंकुर येवूंदे, पण फ्रीज मोठा घ्यावा लागेल, दादा सगळा बर्फ संपवतायत." त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. मला हल्ली पाणी गारच लागतं.

खानकडून काहीतरी निरोप होता. त्याचं काय ते मी बघेन.

तुझा दादा


रोल्ला
शुक्रवार, ८ जानेवारी २०१०

अंकुर,

हे तुझ्या साइट ऑफिसच्या फॅक्सवर पाठवतोय. तिथे मराठी कोणाला वाचता येत नाही, आणि येत असेल तर वाचू दे.

तू माझ्या पाठीमागे केंद्रात फोन केलास. माझी हजेरी विचारलीस, शाळेतल्या पोराची विचारतात तशी. आणि मला एसेमेस करतोस, "तू मुद्दाम करतोयस. मला इथे अडकवायला." आणि ते इंग्रजीत.

तुझ्यासाठी मी दहावीनंतर शाळा सोडली. तुझ्या हातात इंजिनिअरिंगची पुस्तकं होती तेव्हा मी चौदा जणांच्या खोलीत इंग्रजी शिकत होतो, स्पेसिफिकेशनची पानं पाठ करून, शब्दकोश मांडीवर घेऊन. तुझा व्हिसा मी काढला. विमानतळावर मी आलो. तू बाहेर आलास तेव्हा तुझ्या बुटाची नाडी सुटलेली होती, ती मी बांधली, पंचवीस वर्षांच्या घोड्याची. आणि आता तू मला अक्कल शिकवतोस. तू शिकलेला नाहीस, अंकुर, तू पास झालेला आहेस. जा. तुझ्या बायकोच्या पदराआड जा. मला भाऊ नव्हता, नाही. पुन्हा माझं नाव काढू नकोस.

आणि पासपोर्टची काळजी सोड. आरोपीच राहिला नाही की केस बंद होते आणि जामीनदाराचा पासपोर्ट परत मिळतो. मी चौकशी करून ठेवली आहे.

धनंजय


रोल्ला
रविवार, १० जानेवारी २०१०

चि. अंकुर,

गणूला साइटवरून पळवत आणायची काही गरज नव्हती. शुक्रवारी त्याला ओव्हरटाइम होता, तो बुडाला. घामाने निथळत आला, पायात एकच सेफ्टी शूज, दुसऱ्या पायात चप्पल. मी बाल्कनीत उभा होतो. माणूस स्वतःच्या बाल्कनीत उभा राहू शकतो. रेलिंगची उंची कमी आहे हे मी मालकाला गेल्या वर्षी लेखी कळवलेलं आहे.

त्याने हात धरून मला आत आणलं, दार लावलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "दादा, भात टाकतो. तुम्ही कांदा चिरा." मी म्हटलं, सुरी देतोस माझ्या हातात? तर जरा थांबून म्हणाला, "बरं, मग लसूण सोला." असा हा माणूस. मग तुझा फोन लावून माझ्या कानाला धरला. "अंकुर लाइनीवर हाय. बोलायचं नसेल तर बोलू नका. नुसता श्वास घ्या, त्याला ऐकू जाऊंदे." तुला काय ऐकू गेलं ते तुला माहीत. मला तुझ्या मागे चाललेला जनरेटर ऐकू येत होता. त्याच्या एका बेअरिंगमध्ये दोष आहे, कळव त्यांना.

जैनबबाईंनाही तूच सांगितलंस ना? बहिणीच्या हळदीतून फोन केला बाईंनी. मागे ढोल. म्हणाल्या, "धनंजय साहब, मैं छुट्टी पे गई, मरी नहीं. मंगलवार को आ री. आप भी आते. आते ना?" मी म्हटलं, बघतो. म्हणाल्या, "बघतो नक्को. आते बोलो." फोन ठेवेचनात. मंडपात लोक त्यांना हाका मारत होते. शेवटी म्हटलं, आता हूँ. एक गोळीही लिहून द्यायची म्हणतायत त्यांचे तिथले मोठे डॉक्टर. बघू.

फॅक्समध्ये लिहिलं ते लिहिलं. फाडायचं राहून गेलं.

आता खानचं. गणूने तुला सगळं सांगितलं हे मला त्याच्याच तोंडून कळलं. खबऱ्या आहे. तर हो, निरोप आला होता. पहिल्याच आठवड्यात आला होता. खान म्हणाला की पैसे नकोत, कागद नको, मास्टरने, म्हणजे मी, त्याच्या खोलीवर जावं आणि माणसांसमोर बसून चहा प्यावा. त्यांच्यात म्हणे चूक करणारा दारात आला की माफ करावंच लागतं, नाही केलं तर ज्याच्या दारात आला त्याची नाचक्की. मग तो कोर्टात तनाझुलवर सही करेल, तक्रार मागे, केस बंद. सेशन्सही नकोत आणि जामीनही नको. तू नोव्हेंबरमध्येच मोकळा झाला असतास, हे तुझं म्हणणं. बरोबर आहे तुझं गणित.

मी गेलो नाही. जाणारही नाही. त्या खोलीत आठ पठाण बसलेले असणार आणि मी त्यांच्या दारात चपला काढायच्या, कशासाठी? टाइल पोकळ होती. माझं काम मी केलं. जगात एक तरी गोष्ट अशी असावी माणसाजवळ, जिच्यावर कोणी उलट टेप लावू शकत नाही.

कॉटचं माप मी रद्द केलेलं नाही. तुझी मर्जी.

दादा


रोल्ला
रविवार, १४ फेब्रुवारी २०१०

चि. अंकुर,

सोमवारी तुझा एसेमेस आला. "Girl. Both fine." तीन शब्द. पहिल्या मुलीची बातमी तू तीन शब्दांत दिलीस, आणि तरीही गणूच्या आधी मला दिलीस हे मी त्याच्या फोनवर तपासून घेतलं. तो दोन मिनिटं मागे होता.

तू रुवैसमध्ये. काम संपलेलं, कंपनीने दया करून खोली राहू दिलेली, आणि मुलगी पुण्यात. सेशन्स मी करतोय, एकही चुकवलेलं नाही, बाईंना विचार. विचारशीलच. पण ती मार्चमध्ये संपणार आणि बारसं शुक्रवारी. हे मी सोमवारपासून ऐकत होतो, म्हणजे कोणी बोलत नव्हतं, तरी ऐकत होतो.

परवा शुक्रवारी खानकडे गेलो. गणूला बरोबर घेतलं, रस्ता माहीत होता म्हणून. इंडस्ट्रियल एरियातला कॅम्प, जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. दारात गणू हळूच म्हणाला, "दादा, चपला." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. मग काढल्या.

आठ नव्हते, अकरा होते. खान आपल्या कॉटवर, प्लास्टर निघालेलं, मनगट लहान मुलाचं असावं तसं बारीक झालेलं. त्या हाताने त्याला अजून थापी धरता येत नाही. उठून उभा राहिला. मी बाईंकडून एक वाक्य तयार करून घेतलं होतं, हिंदीत, त्यात अफसोस शब्द दोनदा होता. ते बोलायच्या आधीच तो म्हणाला, "ओ मास्टर, बहुत लेट किया. तीन महीने से चाय ठंडा हो रहा है." सगळे हसले. मला जागा करून दिली, मधली. मी म्हटलं, मुझे कुछ बोलना है. तर म्हणतो, "बोलना खतम. आदमी दरवाज़े पे आ गया, बस. बैठो." इतकी घाई या लोकांना माफ करायची. अपमान करायलासुद्धा वेळ देत नाहीत.

चहा आला. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने खानला विचारलं, "झगड़ा था किस बात का?" खान माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुछ नहीं, चाचा. टाइल तो पक्का था. इसका भाई का फोन आया था कि मैं मुल्क जा रहा हूँ हमेशा के लिए. मैं बाजू में खड़ा था. मैं बोला, मुबारक हो मास्टर, भाई घर जा रहा है. फिर ये टाइल पे टेप लगाया."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गणूने बघितलं नाही, तो कपात बघत बसला. चहात वेलची जास्त होती.

निघताना खान जिन्यापर्यंत आला, डाव्या हाताने हात मिळवला आणि विचारलं, "गया भाई?" मी म्हटलं, "अभी नहीं." तर म्हणाला, "जाने दो मास्टर. मेरा चार भाई है. सब जाता है, फिर फोन करता है, पैसा मँगता है."

आज सकाळी त्याने कोर्टात सही केली. तिथला क्लार्क म्हणाला, जामीनदाराने स्वतः येऊन पासपोर्ट न्यायचा. म्हणून हे फॅक्सनेच पाठवतोय, उद्या ये. मी बरोबर नसेन, मला एका टॉवरची पाहणी आहे. विमान बुधवारचं मिळतं, मी चौकशी केली. शुक्रवारच्या आत पोचशील.

जाताना रोल्लाला येऊ नकोस. वाकडी वाट पडते, जॅम असतो, आणि माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. मी आपणहून सांगतोय. पुन्हा म्हणू नकोस की अडकवलं.

दादा


रोल्ला
शुक्रवार, २६ फेब्रुवारी २०१०

चि. अंकुर, मु. पो. पुणे,

मुलीचं नाव आभा ठेवलंत असं कळलं. ठीक आहे. दोन अक्षरी आहे, हाक मारायला सोपं. फोटो पाठवलास तर कॅमेरा सरळ धरून काढ. तुझ्या लग्नाचे सगळे फोटो डावीकडे कललेले आहेत.

येऊ नकोस म्हटलं तरी गेल्या आठवड्यात बुधवारी तू आलासच. टॅक्सी खाली थांबवून, मीटर चालू ठेवून. हा पैशाचा माज. मी तुला आत बस म्हटलं नाही, हे तू स्वप्नालीला सांगितलं असशील. बसायला वेळ नव्हता आणि माझी तशी तयारी नव्हती. खरं सांगायचं तर तयारी वेगळीच होती. तुला काय बोलायचं ते मी सकाळपासून ठरवून ठेवलं होतं. चार वाक्यं होती. चांगली होती, नेमकी, त्यातलं एक आईबद्दल होतं. ती ऐकल्यावर तू जिना उतरताना मागे वळून बघितलं नसतंस, परत कधी फोन केला नसतास, आणि मग मला तू गेलास असं म्हणावं लागलं नसतं, मी घालवला असं म्हणता आलं असतं.

ती वाक्यं माझ्याजवळ अजून आहेत. वापरलेली नाहीत, म्हणून चांगल्या स्थितीत आहेत.

तू बेल वाजवलीस तेव्हा मी फ्रीजपाशी होतो. दार उघडायला वेळ लागला, त्यावर तू तोंड वाकडं केलंस. मग तू पाया पडलास, उठलास आणि माझी मूठ तुझ्या दोन्ही हातांत धरलीस. मी ती उघडली नाही. तू म्हणालास, "दादा, हात असा गार का तुझा? आणि ओला?" मी म्हटलं, नळ गळतो. तू म्हणालास, घरात प्लंबर असून? मी म्हटलं, प्लंबर गुहागरचा आहे. तू हसलास. मग म्हणालास, "पोचलो की फोन करतो." आणि उतरलास. दुसऱ्या मजल्यावरून वर बघितलंस. तुझ्या बुटाची नाडी व्यवस्थित बांधलेली होती.

फोन आला. एकवीस तास उशिरा, पण आला, हे नोंदवून ठेवतो.

सेशन्स आता बंधनकारक नाहीत. कोर्टाचा काही संबंध राहिला नाही. तरी मंगळवारी जातो. सुदानी अजून झोपतो. स्टेपलरवाला लंडनला परत गेला, जाताना जैनबबाईंना फुलं देऊन गेला, इतकी भिकार फुलं मी पाहिली नाहीत. बाई म्हणाल्या, "आपको तो अब आने की ज़रूरत नहीं ना जी?" मी वर बोट दाखवलं. डिफ्यूझर अजून तिरका आहे. तो सरळ होईपर्यंत मी हे काम पूर्ण झालं असं सही करून देऊ शकत नाही. बाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "फिर तो मैं मिस्त्री को बुलातीच नहीं." बेजबाबदार बाई आहे. मे महिन्यात पुन्हा हैदराबादला जाणार म्हणे. या वेळी तीन महिने आधी सांगितलं. मी ऐकून घेतलं. खुर्चीतून उठलो नाही.

गोळी घेतो. तोंड कोरडं पडतं. बाकी फरक काही नाही असं मी म्हणतो, गणू वेगळं म्हणतो. गणूने तुझ्यासाठी म्हणून मोकळ्या केलेल्या जागेत आपली कॉट परत सरकवली आहे, तीन सेंटिमीटर चुकीची. मी ती तशीच राहू दिली.

काल फोनवर तू नळाचं विचारलंस, दुरुस्त झाला का म्हणून. गणूने रविवारी सगळा नळ उघडून पाहिला, वायसर बदलायला म्हणून. वायसर नवाच होता. नळ कुठेही गळत नाही.

तुझा दादा